दट्ट्यावरचं कुंकू

सांगलीच्या तेलगिरणीत आमचे हे प्रेस चालवायचे आणि त्या प्रेसचं चामडं माझ्या स्वयंपाकघरात भिजायचं. लढाईचे दिवस, रबर कुठलं मिळायला! जाड चामडं आणून हे कोमट एरंडेलात घालून ठेवायचे, तेही माझ्या चांगल्या पितळी पातेल्यात. मी खूप तोंड वाजवायची. त्या पातेल्यात पुन्हा कधी भात शिजला नाही, पण आज ते नजरेला पडलं की जीव हळवा होतो.

त्या चामड्याची मग वाटीसारखी चकती व्हायची. पंपाने दाबलेलं पाणी लोखंडी दट्ट्याला वर ढकलायचं आणि वर शेंगदाणे चेपले जायचे. चकतीची कड दट्ट्याला घट्ट बिलगून पाणी अडवायची. कड फाटली की चिळकांडी उडे, दाब उतरे, पेंडीत तेल राही आणि मालक ह्यांच्यावर डाफरत. कणभर धुळीनेही कड कापली जाई, म्हणून दट्ट्यावर धुळीचा कणही बसू द्यायचा नाही, हे ह्यांचं सोवळं.

तरी दर वर्षी दसरा झाला की चामडं जायचंच, तेही ऐन शेंगांच्या हंगामात. एकदा फाटलेली चकती घरी आणून ह्यांनी मला दाखवली. कडेच्या आत कुंकू बसलं होतं आणि अक्षतांचा चुरा.

ते कुंकू माझ्या सासऱ्यांचं. ह्यांच्या आधी त्या प्रेसवर तेच होते. पुढे दृष्टी गेली. तरी खंडेनवमीच्या पूजेला धुवट पागोटं बांधून, माझा हात धरून ते गिरणीत यायचे आणि दट्ट्यावर कुंकवाची पाच बोटं ओढायचे. त्या एका दिवशी सगळी गिरणी त्यांना पुन्हा 'मिस्त्री' म्हणायची. एरवी वर्षभर सोप्यात बसून असत. त्यांना हे सांगायचं कुणी? आणि मालकांनी तर बजावलं होतं, पुन्हा चामडं गेलं तर दुसरा माणूस बघेन.

शेवटी ह्यांनी शक्कल काढली. पुढच्या खंडेनवमीला सासऱ्यांचा हात दट्ट्याऐवजी शेजारच्या बिडाच्या खांबावर टेकवला.

सासऱ्यांनी खांबावरून तळवा फिरवला आणि थांबले.

"ह्यो खांब हाय."

त्यांनी तोंड ह्यांच्याकडे वळवलं.

"दसरा झाल्यावर चामडं जातंय व्हय रं?"

"व्हय, आबा."

"माज्या कुंकवानं?"

ह्यांनी नुसती मान हलवली. बापाला दिसत नाही, एवढंही त्या घटकेला सुचलं नाही. मग मीच म्हटलं, "व्हय, मामंजी."

वाटलं, आता काठी आपटून निघतील. स्वभाव तापटच होता. पण त्यांनी पाच बोटं त्या खांबावरच ओढली. हात धोतराला खसाखसा पुसला.

"आदीच सांगायचंस की रं. चामडं म्या बी कातरलंय," ते म्हणाले. "आता तेल दे."

आणि स्वच्छ तळव्याने त्यांनी सगळ्या दट्ट्याला तेल चोळलं, अगदी सावकाश, लेकराला न्हाऊ घालावं तसं. तो हंगाम चामडं टिकलं आणि ह्यांचं कामही. तेव्हापासून कुंकू खांबाला आणि तेल दट्ट्याला, असाच रिवाज पडला.

सासरे गेले त्यानंतरच्या खंडेनवमीला मीही गिरणीत होते. खांबाला कुंकू लावून ह्यांनी हात पुसला, तळव्यावर तेल घेतलं आणि दट्ट्याला चोळू लागले, डोळे मिटून. मला रडू आवरेना.