मोबाईलचा ग्लास आन् आमची न्हाणी

औशात रस्त्याला लागून आमचं मोबाईलचं दुकान हाय. दुकानामागं पडदा, पडद्यामागं घर, आन् घराच्या टोकाला न्हाणी. मोबाईलवर चिकटवायचा ग्लास त्या न्हाणीत लावला जातो, हे गावात कुणालाच ठाऊक न्हाई. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मीच ह्यांना सांगितलं होतं, बाहेर एसट्यांची धूळ उडते, ग्लासाखाली एक कण गेला की बुडबुडा आलाच म्हणून समजा. न्हाणीत तांब्याभर पाणी मारलं की धूळ खाली बसते. तवापासून हे गिऱ्हाईकाला चहा पाजतात आन् "मशीनवर लावून आणतो" म्हणत मोबाईल आत देतात. मशीन म्हणजे मी. कडी लावून, पालथ्या बादलीवर बसून, मांडीवर पाट घेऊन काम चालतं.

आधी ओली पट्टी, मग कोरडी, मग उरलासुरला कण चिकटपट्टीनं उचलायचा. ग्लास अलगद सोडला की मधून कडांकडं आपसूक चिकटत जातो, ते बघायला मला लई आवडतं. पण घामानं जीव जातो. वरून सासूबाई दारावर थाप मारतात, "अगं, नळाला पाणी आठ-आठ दिवस न्हाई आन् तू मोबाईलला आंघोळी घालायलीस!"

मला काउंटरवर बसायचं होतं. ग्लास बघून लोकांनी माझ्याकडं बघावं, एवढंच. विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "आपल्यात बायका दुकानात बसत न्हाईत." हे तर गल्ला मोजत बसायचे. बाहेर कुणी म्हणायचं, "मालक, काय हात हाय तुमचा!" तर खुशाल "हाव" म्हणायचे. ऐकून माझं टाळकं सणकायचं.

एकदा एक शाळेतल्या बाई आल्या. नवाकोरा मोबाईल. "आत नेऊ नका," म्हणाल्या, "माझे फोटो, बँकेचं, सगळं त्यात आहे. माझ्यासमोर लावा." आता आली का पंचाईत! मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ह्यांनी पंखा बंद केला. पहिला ग्लास वाकडा बसला. दुसऱ्यात मधोमध बुडबुडा. "मालच खराब यायलाय," म्हणाले. तिसऱ्याला हात घातला तसं मला राहवलं न्हाई. पदर खोचून सरळ बाहेर गेले. "आणा इकडं," म्हणलं.

काउंटर ओल्या फडक्यानं पुसला आन् त्यांच्या डोळ्यांदेखत ग्लास लावला. एक बुडबुडा न्हाई. "अगबाई, म्हणजे तुम्ही लावता होय!" त्या म्हणाल्या. "आता शाळेतल्या सगळ्याजणींना तुमच्याकडेच पाठवते." तुमच्याकडे! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे शेजारी उभं राहून हसत होते. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुतार बोलावला. पडदा गेला, तिथं प्लायवूडचं दार आलं. दाराला दुकानाच्या बाजूनं कडी, आन् मोबाईल सरकवायला मधे वीतभर खिडकी. "लोक खामखा घरात डोकावतात," म्हणाले. मी भांडले, दोन दिवस जेवले न्हाई. सासूबाईंनी दार पुसून त्याला हळदीकुंकू लावलं.

मग शाळेतल्या बाया खरंच आल्या. खिडकीतून एक मोबाईल आत आला, तो घेऊन मी तिथंच दाराशी टेकले.

"ताई कुठे आहेत? त्यांच्याच हातनं लावायचाय," बाहेर एकजण विचारत होती.

"ती माहेरी गेलीय," हे म्हणाले. "मशीनवर लावतो की, काळजी करू नका."

तिचाच मोबाईल माझ्या हातात होता. मी ग्लास लावला आन् खिडकीतून बाहेर सरकवला.