वसंताचं टक्कल आणि माझं आंत्रपुच्छ

वसंता गेल्याचा फोन रोह्याहून आला तेव्हा माझ्या हातात त्याचं टक्कल होतं. म्हणजे पुतळ्याचं. त्यावर मी व्हार्निशचा आणखी एक हात देत होतो, शिकवणीतल्या पोरांना त्यात तोंड दिसावं इतकं चकचकीत करायचं होतं. सूड घ्यायची पाळी माझी होती... आणि हा बेटा ऐन वेळी निघून गेला. महिना होत आला, माझा राग काही उतरत नाही.

भांडणाची सुरुवात अर्थातच माझ्या गाढवपणाने झाली. आमचा पेणला गणपतीचा कारखाना. वसंता माझा शाळासोबती, रोह्यात विज्ञानाचा मास्तर. घरच्या शिकवणीसाठी त्याने माझ्याकडून माणसाचा पुतळा करून घेतला, पोट उघडून आतले अवयव काढता-घालता येतील असा. मी जीव ओतला, पण सवयीचा हात तो... पोट लंबोदराचं झालं. आतलं यकृत असं सैल की पुतळा हलवला की खुळखुळे. वसंताने भरल्या शिकवणीत विचारलं, "सोंड घरी विसरलास काय रे?" पोरं खिदळली. मी पुतळा परत आणला, पोट तासलं आणि जाता जाता त्याला वसंताचा चेहरा बसवला. टकलासकट. तेव्हा त्याचे केस नुकते कुठे विरळ व्हायला लागले होते. पुढे निसर्गानेच माझी बाजू घेतली.

उलटा सूड घ्यायला तो माझी नात सातवीत जाईपर्यंत थांबला. तन्वीला पेशी, ऊती, अवयव काही केल्या कळेनात. पेशी म्हणजे भिंतीतली वीट, असं मी तिला ठासून सांगितलं होतं. कारखान्यात बसलेला वसंता चहा खाली ठेवून म्हणाला, "वीट काय खाते? दमते? तन्वी, इकडं बघ. ही मंदाताई मूर्ती घासते, ती एक पेशी. तिच्या ओळीत सगळ्याजणी घासकामच करतात, ती झाली ऊती. रंगवणाऱ्यांची ओळ दुसरी ऊती, डोळे आखणाऱ्यांची तिसरी. सगळ्या मिळून मूर्ती पुरी करतात, म्हणून अख्खा कारखाना एक अवयव." मग त्याने घासकाम थांबवायला सांगितलं. थोड्या वेळाने रंगवणाऱ्यांपुढच्या मूर्ती संपल्या, मग डोळे आखणारेही हातावर हात ठेवून बसले. तन्वी ओरडली, "कळलं! एक ऊती बसली की सगळंच बसलं!"

मीही खूश. तेवढ्यात कार्टी विचारते, "मग आजोबा कोण?"

वसंता याचीच वाट बघत होता. "आजोबा? आंत्रपुच्छ. हाय एका कोपऱ्यात लोंबत. काम काय, कुणाला ठाव नाय. दुखलं की कळतं, हाय म्हणून."

मंदाताईने पदर तोंडात कोंबला. त्या दिवसापासून कारखान्यात मला कोणी शेठ म्हटलेलं नाही. "आंत्रपुच्छ जेवाया गेलंय," असंच उत्तर गिऱ्हाइकाला मिळतं.

यंदा पुतळा रंगवायला आला तेव्हा आंत्रपुच्छाची खाच रिकामी दिसली. मी फोन लावला, "हरवलंस काय रे?"

"माझ्याजवळ हाय. आता म्हणे त्याचाही थोडा उपयोग असतो... पण पोरांना मी सांगणार नाय."

तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा पुतळा घेऊन नागोठण्यावरून रोह्याला गेलो. शिकवणी आता वसंताची सून घेते. सुमनवहिनी त्या टकलाकडे बघत राहिल्या. "भावजी, आता तरी केस द्या हो त्यांना."

"नाय वहिनी. मेला म्हणून काय झालं?"

त्या हसल्या, मग रडल्या, आणि आत जाऊन त्याच्या चष्म्याच्या घरातून करंगळीएवढं आंत्रपुच्छ घेऊन आल्या. रंग पार उडालेला. "सदा खिशात असायचं. पेणचं कोणी भेटलं की काढून दाखवायचे, हा बघा आमचा दोस्त."

माझ्या पिशवीत सरसाची डबी असतेच. वसंताचं पोट उघडलं, आंत्रपुच्छ खाचेत बसवलं आणि सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं. बाकीचे अवयव पोरांनी खुशाल काढावेत, हा एक निघायचा नाही. जन्मभर मला खिशातून काढून गावाला दाखवलंस ना, लेका... आता काढून दाखव.