आमची बाई

सरूला फसवलं ते विमलबाईने, असं आमच्या चाळीत सगळे म्हणतात. मीही म्हणते. म्हणायला आपल्या बापाचं काय जातं? पण त्या फसवणुकीत माझाही वाटा होता, आणि तो मी आजवर कुणाजवळ कबूल केलेला नाही.

सरू पेणला आली सत्त्याऐंशी साली. गागोद्याच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. नवऱ्याला, विठूला, इथल्या पोह्यांच्या गिरणीत काम लागलं, मुलगी शांती आठवीत गेली होती, म्हणून त्यांनी तळ्याजवळच्या आमच्या चाळीत खोली घेतली. त्यांची आणि माझी भिंत एक. मी मालू, ब्लाऊज शिवते. दिवसभर मशीनवर बसलेली असल्यामुळे पलीकडे भांडं पडलं तरी मला कळायचं.

पहिले दोन महिने ती रडकुंडीलाच आलेली होती. नळाला पाणी पहाटे अर्धा तास, आणि त्यासाठी बादल्यांचा नंबर. कढीलिंबाची काडीसुद्धा विकत. पण तिला सगळ्यात जड गेलं ते दाराचं. गावात ती उठली की कुणाच्याही पडवीत जाऊन बसायची. इथे ती कुणाच्या दारात उभी राहिली की आतून बाई पदराला हात पुसत यायची आणि विचारायची, "काय काम होतं?"

"काम कशाला लागतं गो मालू?" ती मला म्हणायची. "मी आपली बसायला गेलंय. काम काय सांगू त्यांना?"

मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा पहिल्या दिवशी तिला तेच विचारलं होतं.

"काय काम होतं" असं न विचारणारी एकच निघाली, वरच्या मजल्यावरची विमलबाई. नवरा कचेरीत अव्वल कारकून, दोन खोल्या, खिडकीला पडदे. सरू जिन्यात भेटली तेव्हा विमलबाई म्हणाली, "अगं ये ना वर. तांदूळ निवडतेय, बस जरा." सरू बसली, आणि बसली म्हणून तांदूळ निवडले. दुसऱ्या दिवशी पापडाचं पीठ कुटलं. महिनाभरात विमलबाईची धुणीभांडी, निवडणं-टिपणं सगळं सरूच्या हातात आलं होतं.

त्यात तिला वावगं काही वाटत नव्हतं. तिच्या गावात एकीच्या लावणीला दुसरी जाते आणि आभार कुणी मानत नाही. शिवाय विमलबाई गोड बोलायची. "तू मला धाकट्या बहिणीसारखी गं," म्हणायची. दिवाळीला आपली एखादी वापरलेली साडी द्यायची. सरूला ती माहेरची साडी वाटायची. गावाहून येताना ती विमलबाईसाठी वालाची गाठोडी आणायची, पावसाळ्यात काकड्या आणायची. कामही करायचं आणि वर वानवळाही आणायचा, अशी बाई विमलबाईला दिवा घेऊन शोधूनही सापडली नसती.

आणि मग तो शब्द. विमलबाईकडे पाहुणे आले, की ती स्वयंपाकघराकडे हात करून सांगायची, "ही आमची बाई."

सरूच्या गावात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. सरूला एक बाय होती, पहिल्या बाळंतपणात गेली. तिचं नाव निघालं की अजून सरूचे डोळे भरायचे. तेव्हा विमलबाई पाहुण्यांना "आमची बाई" म्हणाली, की सरूला वाटायचं, शहरातले लोक बायला बाई म्हणतात. एकदा ती धावत खाली आली, हात अजून ओले.

"मालू गो, आज तर मामलेदाराच्या बायकोसमोर म्हणाली, आमची बाई! माझ्याहून मोठी ती, पण मान मला देते."

मशीनवरचा माझा पाय थांबला. तेव्हाच सांगायला हवं होतं की अगं वेडे, पेणात बाई म्हणजे मोलकरीण, आणि बिनपगारी मोलकरीण ठेवून ही आपल्या पाहुण्यांत तोरा मिरवतेय. पण विमलबाईचे, तिच्या मैत्रिणींचे ब्लाऊज माझ्याकडे यायचे. आणि दुसरं कारण त्याहून वाईट आहे. मला गंमत वाटत होती. मी म्हटलं, "हो का? छान की." आणि शिवण पुढे चालू केली.

संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं तेव्हा सरू आत वाणाच्या पिशव्या भरत बसायची. बाहेर बायका, अत्तर, गप्पा. विमलबाईने तिला सांगून ठेवलं होतं, "घरच्या माणसाने आतलंच बघायचं असतं गं." सगळ्या गेल्यावर ओट्यापाशी उभ्या-उभ्या तिला कुंकू लावलं जायचं. मी बाहेर सतरंजीवर बसून तिळगूळ खायचे आणि दाराच्या फटीतून तिची पाठ बघायचे. अशी पाच वर्षं गेली.

शांतीचं लग्न ठरलं रोह्याला. मुलगा कंपनीत, शिफ्ट ड्युटीवर, स्वभावाने शांत. सरूने गावाहून मुसळ मागवलं. एसटीच्या टपावर घालून ते पेणला आलं तेव्हा सगळी चाळ हसली. त्यांच्यात हळद अशी फोडतात: मुसळाला आंब्याची पानं बांधायची, उखळात हळकुंडं घालायची, आणि पाच सवाष्णींनी हात लावायचा. पहिला हात मुलीच्या मावशीचा.

"शांतीची मावशी नाय उरली, असं लोक म्हणतील म्हणून माझा जीव थोडा व्हायचा," सरू म्हणाली. "पण देवाने दिली ना दुसरी बाय. तिचाच हात पहिला. तिला अक्षत द्यायला तू चल माझ्यासंगती."

मला विमलबाईचा ब्लाऊज द्यायचाच होता. गेले.

वर विमलबाईची नणंद आलेली होती, रोह्याची. सरू त्यातल्या त्यात चांगली साडी नेसून, हातात ताटली, ताटलीत कुंकू, अक्षता आणि सुपारी, अशी दारात उभी राहिली. तोंडभर हसत होती.

"वहिनी, ही तुमची बाई ना?" नणंद म्हणाली.

"हो, आमची बाई," विमलबाई म्हणाली. "मुलीचं लग्न आहे हिच्या. रोह्यालाच दिलीय."

"अगंबाई, मग बरंच झालं!" नणंद सरूकडे वळली. "आमच्याकडे रोह्यात कामाला बाईच मिळत नाही. लग्न झालं की तुमच्या मुलीला पाठवाल का माझ्याकडे? सकाळचे दोन तास, धुणीभांडी फक्त. वहिनी सांगतात, तुमचा हात स्वच्छ आहे. मुलगी तुमच्याच वळणावर असेल."

सरू आधी हसतच राहिली. मग तिने विमलबाईकडे पाहिलं. नणंदेची काहीतरी चूक होतेय आणि आता बाय ती दुरुस्त करील, अशी तिची नजर होती. एवढंच हवं होतं: "छे गं, ही माझी बहिणीसारखी." पाहुण्यांसमोर खोटं म्हणून का होईना.

विमलबाई पदर सारखा करत म्हणाली, "बघू, सांगेल ती नंतर. बाई, तू आधी चहाचं आधण ठेव बरं."

मग सरूने माझ्याकडे पाहिलं. मी ब्लाऊजची घडी मोडून पुन्हा घालत होते.

सरूने ताटली कट्ट्यावर ठेवली आणि आधण ठेवलं. तीन कप चहा आणला. पहिला कप नणंदेला, दुसरा विमलबाईला, तिसरा मला. मी तो प्याले, देवाशपथ, शेवटच्या घोटापर्यंत प्याले, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. तिने कप विसळून पालथे घातले, ताटली उचलली, आणि कुणालाही अक्षत न देता बाहेर पडली.

जिन्यात मी तिला गाठलं. तिचे डोळे कोरडे होते.

"तुला ठाव होतं?"

मी म्हटलं, "अगं सरू, लोकांचं काय मनावर घेतेस..."

"लोकांचं नाय विचारत. तुला ठाव होतं ना? पाच वर्सं?"

मी जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडायला लागले. तिला उत्तर मिळालं.

"ती परकी होती गो," सरू म्हणाली. "तिने मला नाय वळखलं, तर नाय वळखलं. पण तू माझ्या भिंतीला भिंत लावून राहिलीस. मी येऊन सांगायची आणि तू हसायचीस. कशाला हसायचीस ते आता कळतंय." आणि ती एकेक पायरी उतरत खाली गेली.

हळदीच्या दिवशी सकाळीच गावाहून तिच्या बायका आल्या. मी मशीनवर बसून होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण शेजाऱ्याला काय बोलवायचं, अशी मनाची समजूत घातली. शांतीसाठी शिवलेला पिवळा ब्लाऊज हातात घेतला आणि गेले. विमलबाई यायची नव्हती, तेव्हा पहिल्या हाताची जागा रिकामी असेल, असंही मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली. आत मुसळाचा आवाज चालू होता, बायका गात होत्या. म्हणजे पहिला हात केव्हाच लागला होता. तो कुणाचा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सरू पदराला हात पुसत आली. बोटं हळदीने पिवळी झाली होती. तिने अर्धंच दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. रागाने बोलली असती तर मी पाय धरले असते. ती अगदी पेणच्या बायकांसारखं, नीट, हळू बोलली.

"काय काम होतं, मालूबाई?"

मी म्हटलं, काही नाही.