बाराही ठिपक्यांतून जाणारी रेषा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जोह्याहून पेणला आणि पेणहून रोह्याला जायचे. शेवटच्या वर्षी फिजिक्सच्या प्रोजेक्टला विषय घेतला, शाडूची मूर्ती वाळताना वजन कसं कमी होतं. माती घरचीच होती, जोह्यात आमचा गणपती घडवायचाच धंदा. आईने वीतभर गणपती घडवून दिला आणि मी तो बारा दिवस रोज सकाळी काट्यावर ठेवला.

आकडे कॉम्प्युटरवर भरले. सॉफ्टवेअरची साधी उतरती वक्ररेषा ठिपक्यांना नीट बसेना. मी समीकरणाचा घात वाढवत गेले. शेवटी रेषा बाराही ठिपक्यांतून गेली. मला केवढा आनंद झाला!

सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. शनिवारी सरांनी रेषा पाहिली आणि विचारलं, "पंधराव्या दिवशी वजन किती?"

मी रेषा पुढे वाढवली. ती शून्याच्याही खाली गेली.

"म्हणजे बाप्पा उडणार म्हणा," सर म्हणाले. मग पाचव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे वजन वाढलं होतं. "हे का झालं ते कळल्याशिवाय सही नाही. आणि आकडा पुसायचा नाही."

पुसायचा विचार माझ्या मनात आला होता, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

घरी येऊन आईला विचारलं. ती रंगाचे डबे लावत होती.

"व्हय गो, भेग पडलेली. बोटभर ओली माती लावली."

"आई, वजन वाढलं त्यानं!"

"वाढणारच. मातीला काय वजन नाय? नि देवाला भेग तशीच ठेवायची?"

 रविवारी पाचवा दिवसच पहिला धरला आणि मोजणी तिथून सुरू केली. साधी उतरती वक्ररेषा ठिपक्यांच्या अगदी जवळून गेली, पुढे सपाट होत गेली. आधीचे चार आकडे वेगळ्या रंगात तसेच ठेवले. खाली लिहिलं, 'भेग पडल्याने आईने ओली माती लावली.'

सोमवारी ते वाक्य वाचून सर हसले आणि त्याच्याच शेजारी सही केली.

आता आईला भेग दिसली की ओली माती हातात धरून ती आधी मला हाक मारते, "ये गो, तुझं वजन करून घे. मग लावते."