दिव्यामागचा दुधी पत्रा

हे पत्र उघडलंस ना? मग ये, अशी जवळ सरक. आणि आधी गॅस बंद करून ये. अर्ध्यातून उठून कुकर बघायला पळायची तुझी खोड मला ठाऊक आहे. आज ते चालायचं नाही. मी जे सांगणार आहे ते आठ वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही. हे होते तेव्हा यांना नाही, मुलीला नाही. देवापुढेही मी तेवढी गोष्ट वगळूनच हात जोडत आले. आज तू मधेच उठलीस तर पुन्हा धीर होईल की नाही — नाही, होईल. होईलच. मी ठरवलंय.

माझ्या बैठकीतला काचेचा दिवा तू पाहिला आहेस. तोच, पळसाच्या फुलांचा. आल्यागेल्याने विचारायचं, "बाई, याच्यात बल्ब कुठी आहे हो? दिसत तर नाई!" आणि मी नुसतं हसायचं. उजेड कसा सगळीकडे सारखा — मधे भगभग नाही, कडेला अंधार नाही. जणू काचच आतून पेटली आहे. त्या हसण्याचंच सांगायचं आहे मला. पण त्याआधी सुनंदा सांगावी लागेल.

सुनंदा बोरगाव मेघ्यातच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाली. मी आठवी शिकलेली, यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळून दिलेली बाई. साठीला टेकलो आणि मोबाइलवर काच वितळवणारे लोक पाहून आम्हा दोघींना एकदमच वेड लागलं. यांनी कॉइल बसवून भट्टी करून दिली. हिंगणघाटला एक गिरणी बंद पडली होती, तिच्या बॉयलरच्या विटा भंगारात मिळाल्या, त्या लावल्या. "घर जाळान तुमी दोघी एक दिवस," असं म्हणत म्हणतच केली.

काम सांगायला सोपं. साध्या काचेवर रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, भट्टीत ठेवायचे, वितळून एकजीव होतात. कसोटी लागते ती पुढे. भट्टी आपोआप गार होऊ द्यायची, दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडायची नाही. मला ते कधी जमलं? जरासं झाकण उचलून पाहिलं की — टक्! गेला तडा. सुनंदाने तीस वर्षं रोग्यांच्या उशाशी बसून काढलेली. तिला थांबता येत होतं. शेवटी खोलीला कुलूप घालून चाबी ती आपल्या पर्समध्ये टाकायची.

"चाबी मी नेतो. तुह्या हाताले खाज आहे."

"माह्या घराची चाबी अन् तूच नेतं?"

"उद्या सकाळी देतो. तवरक पापड लाट!"

असे दिवस होते ते. आणि तिची काच माझ्यापेक्षा चांगली निघायची. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मनातसुद्धा म्हणवत नव्हतं. माझ्या भट्टीतून, माझ्या घरात, तिची काच चांगली — हे मला सोसत नव्हतं.

त्या वर्षी तिने विहारासाठी दिवा करायला घेतला. बुद्धपौर्णिमेला लावायचा होता. परातीएवढं पिंपळाचं पान, निळ्या काचेचं, शिरा पिवळसर. चार महिने खपत होती. पान भट्टीतून निघालं तेव्हा मी हातात धरून पाहिलं. एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. मी म्हटलं, "बरं झालंय." एवढंच.

मग तिने मागे बल्ब लावला. आणि पानाच्या मधोमध पांढराफटक डोळा उठला. शिरा मधल्या मधे धुऊन गेल्या, टोकं काळी पडली. पौर्णिमेला आठ दिवस होते. ती तशीच चपला घालून माझ्याकडे आली, माझ्या पळसापुढे उभी राहिली.

"काऊन वं, माह्या दिव्याले मधातच डोया काऊन पडून राह्यला? तुह्यात तर कसा सारखा उजेड आहे!"

आता ऐक. माझ्या दिव्यात जादू नव्हती. पाट्या बनवणाऱ्याकडून मी दुधी प्लास्टिकचा पत्रा आणला होता आणि काचेच्या मागे तीन बोटं जागा सोडून बसवला होता. मधला बल्ब काढून खोक्याच्या कडेने बारीक दिव्यांची पट्टी फिरवली होती, तीही काचेकडे तोंड करून नाही, मागच्या पांढऱ्या फळीकडे. उजेड आधी फळीवर आपटतो, मग पत्र्यातून गाळून येतो. बस. सांगायला किती वेळ लागला असता? चहा उकळायच्या आत झालं असतं.

मी सांगितलं नाही.

एवढंच असतं तर त्याला कंजूषपणा म्हटलं असतं. पण मी — थांब, सांगते. सांगतेच आहे ना. तिने माझा दिवा उतरवून मागची फळी उघडायला हात घातला, तर मी म्हटलं, "हात नोको लावू, शॉक लागंन." खोटं. बटण बंद होतं. आणि मग तिच्याकडे न बघता म्हटलं, "दिव्याचा दोष नाई. तुही काचच सारखी वितळली नाई. हाताचं काम आहे बाई, कोनाले जमते, कोनाले नाई."

ती मग हसली. "या हातानं तीस वर्ष सुया टोचल्या, कोनी ओय नाई म्हनलं. अन् काच म्हन्ते ओय!"

मीही हसले. हसले गं मी.

पौर्णिमेला विहारात बाजारचीच ट्यूब लागली. मी गेले होते. ती पांढऱ्या साडीत दाराशी उभी, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "दिवा टायमात नाई झाला." माझं नाव नाही, कुरकुर नाही. मी तिथे बसून खीर खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. त्यानंतर सुनंदाने काचेला हात लावला नाही. भट्टी मी एकटीच चालवली. लोकांनी माझं कौतुक केलं, ते मी ठेवून घेतलं.

परवा दुपारी ती आली. जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी कडेवर लेकरासारखं धरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन करायचं आहे, त्याआधी घर आवरायला काढलंय म्हणाली.

"हे तुले ठेव. फोडून तुकडे कर, तुह्या कामात येतीन. काच तर चांगल्या दुकानातली होती, माह्या हातानंच बिघडली."

आठ वर्षं, कळतंय ना तुला? आठ वर्षं ती आपल्या हाताला दोष देत होती. आणि तो दोष मी तिच्या हातात ठेवला होता.

ती गेल्यावर मी खिडकीचे पडदे ओढले. माझा पळस उतरवला, मागचे स्क्रू काढले, खोकं, पत्रा आणि पट्टी सगळं तिच्या पानामागे लावलं. बटण दाबलं. काय सांगू! टोकापर्यंत निळं. एकूण एक शीर जागेवर. असं काम मला आजवर जमलेलं नाही, पुढेही जमायचं नाही. मी बटण बंद केलं आणि भिंतीला पाठ लावून बसले.

पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकते. वाटलं, दिवा पेटवूनच घेऊन जावा, तिच्या भिंतीवर लावावा, ती खूश होईल, त्या खुशीत हळूच सांगावं. मग लक्षात आलं — हीसुद्धा लबाडीच. तो उजेड पाहिल्यावर ती माझ्यावर रागावणार कशी? तिच्याच दिव्याच्या आड मी लपणार.

म्हणून उद्या सकाळी जाते. दिवा पिशवीत, बंद. आधी दारातच सांगणार: शॉक खोटा होता, काच चांगली होती, मी जळत होते. यांचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, ते सांगणार नाही. माझं शिक्षण, माझं वय, काही सांगणार नाही. माफ कर असंही म्हणणार नाही, ते तिच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. सगळं सांगून झालं की मागची फळी तिच्यासमोर उघडून दाखवणार. बटण तिच्या हातात देणार. लावेल, न लावेल. दिवा तिचा आहे.

माझ्या पळसामागे आता काही नाही. तो आंधळाच टांगलाय, तसाच राहू दे.

तू मात्र ये. आठवड्याभरात ये, उशीर नको करू. पहिले सुनंदाकडे जाजो, उन्हं उतरल्यावर, तिच्या खिडकीत निळं दिसते का पाहाजो. मंग वाटलं, तर माह्याकडे येजो.