साहेबांचं हिऱ्यांचं घड्याळ

सूत मिळेना म्हणून पवनीतले हातमाग बंद पडले, तेव्हा आम्ही पत्रकं वाटून सूत पुरवणाऱ्या महामंडळाच्या साहेबांना भेटीला यायला भाग पाडलं. ते दुपार टळल्यावर आले. मनगटावर हिरे जडवलेलं घड्याळ! सुताचं राहिलं बाजूला, साहेब घड्याळाचंच कौतुक सांगत बसले. एकेक हिरा कारागिरानं हातानं बसवलाय, आत सेल नाही, नुसता हात हलला की चालतं.

"मंग नऊच काहून दाखवून राहिलं, भाऊ?" एका विणकर काकूंनी विचारलं.

घड्याळ बंद होतं. साहेबांचा हात किती हलतो ते सगळ्यांना कळलं. त्यांनी घाईनं मनगट झटकलं.

काकू म्हणाल्या, "आमचा मागबी हातानंच चालते. सुतासाठी हलवा ना तो हात!"

साहेबांनी हलवला. गाडीत बसून, टाटा करायला.

माग अजून बंदच आहेत.