सहाव्या ओळीतलं तिसरं झाड

आमच्या शेतावर टोमॅटो मोजकेच पिकतात, किस्से मात्र पोत्यानं! कुरुळीजवळ दोन गोडाऊनच्या मधे हिरवी जाळी दिसते ना, तिथे आमच्या छोट्या बियाणे कंपनीचं संशोधन चालतं. चहाला चौघं जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते आठवतं का रे?" आता हसतो, पण गेल्या हंगामात माझी, म्हणजे शेतावरच्या मदतनिसाची, पार झोप उडाली होती.

*

लोक रोग घालवतात, आम्ही पाळतो!

पांढरी माशी बसली की टोमॅटोची पानं आकसतात, झाड खुरटतं. त्याला बोकड्या म्हणतात. रानटी टोमॅटोला तो होत नाही, पण त्याचं फळ बोराएवढं आणि कडू. आमचे गायकवाड सर सात वर्षं रानटी आणि गोड टोमॅटोचा संकर करतायत. बोकड्याला दाद न देणारं आणि खायलाही चांगलं, असं एक झाड हवं. म्हणून प्लॉटमध्ये मुद्दाम रोगट झाडं लावून माशी वाढवायची, आणि त्यातून कोण वाचतं ते बघायचं.

शेजारच्या कारखान्यातला एक जण शिफ्ट सुटल्यावर कुंपणाशी थांबला. "अहो राव, झाडं मरायला लागली की तुमची!"

सर म्हणाले, "थांबा हो, अजून पुरेशी मेली नाहीत!"

*

संकराचं नाजूक काम हौसाबाईंचं. उद्या उमलणारी कळी आजच उघडायची, चिमट्यानं पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. कुरुळीच्या या बाई दिवसाला शंभरेक कळ्या सहज उरकतात.

आमच्या लॅबच्या स्नेहल मॅडम लातूरच्या. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून झाडात रोगाला अडवणारा जीन आहे की नाही ते सांगतात. एकदा हौसेनं चिमटा घेऊन बसल्या आणि पहिल्याच कळीची मान मोडली. दुसरीची मोडली. तिसरीची मोडल्यावर हौसाबाईंनी चिमटा काढून घेतला.

"मॅडम, तुमी आपलं मशिनच चालवा. त्याला मान न्हाई!"

*

मग डायरेक्टर साहेब आले. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "या जागेला गोडाऊनसाठी मागणी आहे. या हंगामात झाड दाखवा. नाहीतर लॅब पुण्याला हलवू आणि शेत बंद."

सरांच्या निवृत्तीला सहा महिने होते. त्यांनी हातातली वही उलटी धरली होती, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

*

त्याच आठवड्यात आमच्याकडे नवा सुपरवायझर लागला. आधी चाकणच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता. मनानं अगदी सज्जन.

सकाळी आलो तर प्लॉटमध्ये औषधाचा वास! हा पठ्ठ्या घाम पुसत उभा. "साहेब परत पाहणीला येतील, आणि आपली झाडं अशी रोगट? लवकर येऊन फवारून टाकलं. एक माशी शिल्लक नाही!"

सात वर्षांची परीक्षा, आणि यानं परीक्षकच मारून टाकले! आता कुठलं झाड अंगच्या ताकदीनं वाचलंय आणि कुठलं औषधानं, हे डोळ्यांनी ठरवणं अशक्य झालं.

सरांनी एवढंच विचारलं, "किती पंप मारले?"

"सहा."

"आणखी एक मार," सर म्हणाले. "माझ्यावर."

*

आता सगळी भिस्त लॅबवर. मी प्रत्येक झाडाचं पान घेतलं, ओळीवार भरून मॅडमना दिलं. रिपोर्ट आला, सहाव्या ओळीतलं अठरावं झाड पास! बाकी सगळी नापास. नापास झाडं उपटून जाळायची, हा आमचा नियम.

सर यादी हातात घेऊन सहाव्या ओळीतल्या तिसऱ्या झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. मग यादी हौसाबाईंकडे देऊन कुंपणाकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत अठरावं सोडून सगळ्या झाडांची राख झाली होती.

महिनाभरानं माशी परत आली, आणि आणखी महिन्यानं अठराव्या झाडाची पानं आकसायला लागली!

मॅडम धावत शेतात आल्या. "असं कसं होईल? तू सहाव्या ओळीची पानं कोणत्या बाजूनं घेतलीस रे?"

शेतात आम्ही एका ओळीनं जातो आणि दुसरीनं परत येतो. पाचवी ओळ मी पुढून मागे घेतली होती, सहावी मागून पुढे, आणि तसं पाकिटावर लिहिलंच नव्हतं. लॅबनं दोन्ही पुढून मोजल्या. वीस झाडांच्या ओळीत मागून अठरावं म्हणजे पुढून तिसरं!

जे ठेवायचं ते जाळलं होतं आणि जे जाळायचं ते ठेवलं होतं. माझ्या आळसानं सरांची सात वर्षं गेली. मी सरांसमोर रडलो, सांगायला लाज वाटत नाही. सर बांधावर बसून राहिले.

हौसाबाई जवळ आल्या. "तिसरंच का? त्ये घरी हाय."

*

तिघं त्यांच्या मागोमाग कुरुळीत गेलो. भाड्याच्या खोल्यांची चाळ, नळापाशी रांगेनं निळी पिंपं. त्यातल्या एका अर्ध्या कापलेल्या पिंपात टोमॅटोचं कंबरेएवढं झाड उभं होतं. झाड उपटण्याआधी बाईंनी त्याची फांदी मोडून पदराखालून आणली होती आणि मातीत खोचली होती. शेजारणीच्या डब्यातला टोमॅटो बोकड्यानं पार आकसलेला, आणि हे हिरवंगार, फुलावर आलेलं!

मॅडमनी एक पान खुडून पाकिटात घातलं.

सर म्हणाले, "हौसाबाई, गेटबाहेर एक पान नेलं तरी नोकरी जाते. माहीत होतं ना?"

"व्हय, माहीत हाय की."

"एवढ्या झाडांत मग हेच का आणलंत?"

हौसाबाईंनी पिंपातलं पिवळं पान काढून टाकलं.

"सात वर्सं बघतीया सर, तुमी परत्येक झाडाचं फळ चाखून थुंकता. ह्याचं तेवढं गिळलंत."